युद्धवैमानिकाचे आत्मवृत्त : एका निबंधपाठाविषयी

प्राथमिक शाळांच्या वरच्या इयत्तांत आत्मवृत्तपर निबंध लिहवून घेण्याचा प्रघात फार जुना आहे. नदी, वटवृक्ष, फाटके पुस्तक आणि मोडकी छत्री यांच्या जोडीला ‘मी युद्धवैमानिक बोलतो आहे’ हा विषयही पुष्कळ ठिकाणी दिला जातो. विषय मुलांच्या आवडीचा आहे. तथापि या विषयावरील वह्या ज्यांनी तपासल्या आहेत, त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आल्यावाचून राहिली नसेल. ती ही की, चाळीस वह्यांतील चाळीस वैमानिक वस्तुतः एकच असतात. तो कधी भीत नाही, कधी चुकत नाही, त्याला तहान लागत नाही. पहिल्याच उड्डाणात तो शत्रूची पाचदहा विमाने पाडतो, आणि निबंधाची ओळमर्यादा संपत आली की देशाचा जयजयकार करून धारातीर्थी पडतो. मरण पावलेला मनुष्य आपले आत्मवृत्त कसा सांगतो, हा प्रश्न मुलांना पडत नाही, आणि खरे सांगावयाचे तर आपणही तो विचारीत नाही.

पावस परिसरातील शाळांतून वह्या पाहताना मला एक विरोध फार जाणवला. ज्या मुलाने वैमानिकाविषयी असे पोकळ लिहिले होते, त्याच मुलाने ‘मी नाखवा बोलतो आहे’ या निबंधात उधाणाची वेळ, मतलई वारा, रापण ओढताना हाताला पडणारे घट्टे आणि खाडीच्या मुखाशी होडी सांभाळताना होणारी तारांबळ इतकी बिनचूक लिहिली होती की वाचणाऱ्याच्या अंगाला खारे पाणी लागावे. म्हणजे उणीव कल्पनाशक्तीची नव्हे, भांडवलाची होती. नाखवा त्याच्या घरात होता. वैमानिक त्याने फक्त पडद्यावर पाहिला होता. काल्पनिक मनुष्य उभा करावयाचा असला तरी त्याला लागणारी माती खरीच असावी लागते, आणि ती माती वर्गात आणून ठेवणे हे शिक्षकाचे काम होय. या लेखात तसे एक खरे चरित्र शिक्षकबंधुभगिनींच्या हाती द्यावयाचे आहे. तत्पूर्वी थोडी पार्श्वभूमी सांगणे अवश्य आहे.

युद्धात विमान चालविणारे पहिले भारतीय हे पहिल्या महायुद्धातील होते. कलकत्त्याचे इंद्रलाल रॉय हे त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. त्यांचा जन्म १८९८ चा. विमान कोसळून जखमी झाल्यावरही ते पुन्हा उड्डाणास गेले, जुलै १९१८ मध्ये अवघ्या दोन आठवड्यांत त्यांनी दहा हवाई विजय मिळविले, आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेस, वयाची वीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, ते फ्रान्समध्ये कामास आले. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर हे याच पिढीचे. केंब्रिजमध्ये शिकलेला हा तरुण जून १९१८ च्या अखेरीस फ्रान्सच्या आघाडीवर मरण पावला. भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली. हे वर्ष वाचकांनी स्मरणात ठेवावे. पुढे त्याचे कारण पडणार आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, करुणकृष्ण मजुमदार यांच्या नेतृत्वाखाली पहिली तुकडी ब्रह्मदेशात लढली. ज्या ब्रह्मदेशाचा राजा थिबा १८८६ पासून १९१६ पर्यंत आपल्या रत्नागिरीत नजरकैदेत होता, तोच हा देश. थिबा राजवाडा पाहिलेल्या मुलांना एवढा दुवा पुरे होतो. मुंबईत जन्मलेले हृषीकेश मुळगावकर १९४० साली हवाई दलात अधिकारी झाले आणि १९७६ ते १९७८ या काळात त्या दलाचे प्रमुख होते. ही नावे फळ्यावर लिहून ठेवावीत. पाठ मात्र एकाच मनुष्यावर केंद्रित करावा. अनेक थोरांची यादी मुलांच्या मनात टिकत नाही, एकाची हकीकत टिकते.

तो मनुष्य म्हणजे दिलीप परुळकर. हे आडनाव उच्चारताच वेंगुर्ले तालुक्यातील परुळे गाव आपल्या मुलांना आठवेल. त्या गावी २०२१ पासून विमानतळ आहे, हे त्यांतील काहींना ठाऊकही असेल. तेथे शिक्षकाने सावध राहावे. आडनावातील गाव हे कुळाचे मूळ सांगते, मनुष्याचे जन्मस्थान सांगत नाही. ‘आपल्या कोकणचा सुपुत्र’ असे म्हणून टाकण्याचा मोह होतो, पण जे आपण तपासलेले नाही ते वर्गात सांगू नये. या पाठाचा मुख्य धडाच त्या जातीचा आहे, हे पुढे दिसेल.

परुळकर १९६३ साली हवाई दलात अधिकारी म्हणून दाखल झाले. १९६५ च्या युद्धात त्यांच्या विमानावर शत्रूचा मारा झाला व त्यांच्या उजव्या खांद्यास जखम झाली. विमान सोडून छत्रीने उडी घ्यावी, असा सल्ला त्यांच्या तुकडीच्या नायकाने दिला. परुळकरांनी जखमी खांद्यानिशी ते मोडके विमान तळावर परत आणले. त्याबद्दल त्यांना वायुसेना पदक मिळाले. मुलांच्या निबंधातील वैमानिक येथवर परुळकरांसारखा असतो. पुढे मात्र त्याची साथ सुटते.

१९७१ च्या डिसेंबरात पुन्हा युद्ध झाले. परुळकर आता फ्लाइट लेफ्टनंट होते आणि सुखोई-७ हे एकआसनी विमान चालवीत होते. १० डिसेंबर रोजी जफरवालच्या परिसरात जमिनीवरील तोफांच्या माऱ्याने त्यांचे विमान पडले. ते छत्रीने खाली उतरले आणि युद्धकैदी झाले. आपण कधी पकडले गेलो तर निसटून येऊ, असे त्यांनी युद्धापूर्वीच आपल्या वरिष्ठांना सांगून ठेवले होते. रावळपिंडीच्या कैदी-तळात भारतीय हवाई दलाचे आणखीही अधिकारी होते. विंग कमांडर कोएल्हो हे त्यांत ज्येष्ठ. कोणाचे पाय मोडलेले, कोणाचा कणा दुखावलेला. आरंभी सर्वांना वेगवेगळ्या कोठड्यांत ठेवलेले होते. त्या वर्षीच्या नाताळास तळाचे पाकिस्तानी प्रमुख, स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद, यांनी एक केक आणविला, सर्व कैद्यांना एकत्र बोलाविले आणि तो कोएल्हो यांच्या हस्ते कापविला. ही गोष्ट लहान आहे, पण वर्गात ती गाळू नये. कथेच्या शेवटी हेच उस्मान हमीद पुन्हा भेटावयाचे आहेत.

२ जुलै १९७२ रोजी सिमला करार झाला, तरी कैदी सुटले नाहीत. परुळकरांनी फ्लाइट लेफ्टनंट मालविंदरसिंग ग्रेवाल व फ्लाइंग ऑफिसर हरीश सिंहजी यांच्यासह पलायनाची सिद्धता केली. पाच क्रमांकाच्या कोठडीची मागील भिंत विटांची होती. ती रात्री-रात्री, लहानसहान हत्यारांनी, पोखरावयाची आणि दिवसा भोक झाकून ठेवावयाचे, असे काम कित्येक आठवडे चालले. ज्यांना दुखापतीमुळे पळणे शक्य नव्हते, त्यांनीही हे गुपित जिवापाड जपले. वैमानिक उड्डाणात जो घट्ट पोशाख घालतो, त्यातील रबरी पिशव्या त्यांनी पिण्याच्या पाण्यासाठी घेतल्या. सुई चुंबकित करून होकायंत्र बनविले. चौथी-पाचवीच्या विज्ञानात आपण जो प्रयोग लोहचुंबकावर सुई घासून आणि पाण्याच्या वाटीत तरंगवून दाखवितो, तोच हा. तो दाखविताना एवढे सांगावे की, सुशिक्षित, तरबेज अशा तीन माणसांनी एकदा आपला जीव या सुईवर ठेवला होता.

१२ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर वादळी हवेत तिघेही भिंतीतून बाहेर पडले. रात्रीचा सिनेमा सुटून लोक रस्त्यावर आले होते, त्यांच्या घोळक्यात ते मिसळले. पाकिस्तानी हवाई दलातील साधे नोकर म्हणून वावरावयाचे, असे ठरले होते. परुळकर झाले फिलिप पीटर, सिंहजी झाले हॅरोल्ड जेकब आणि उंच, गोरे ग्रेवाल झाले अली अमीर. ते बसने पेशावरला गेले. तेथून टांग्याने, पायी आणि पुन्हा बसने खैबर खिंडीतील लंडी कोतल गावी पोहोचले. दिवस १३ ऑगस्टचा. समोर अफगाणिस्तानची सीमा चार-पाच मैलांवर राहिली होती. पावसहून पूर्णगडच्या खाडीकडे चालत जावे, जवळजवळ तेवढेच हे अंतर. मुलांना ते असेच सांगावे, म्हणजे पोटात गोळा येतो.

येथे शिक्षकाने थांबावे व मुलांना विचारावे, ‘पुढे काय झाले असेल?’ बहुतेक हात वर होतील आणि बहुतेकांचा वैमानिक सीमा ओलांडून जाईल.

झाले ते असे. सीमेच्या वाटेवर लंडी खाना नावाचे रेल्वे स्थानक आहे, अशी माहिती परुळकरांनी एका जुन्या मार्गदर्शक पुस्तकातून मिळविली होती. त्यांनी लंडी कोतलमध्ये लंडी खान्याची वाट विचारली. खैबरची रेल्वे १९२५ साली लंडी कोतलपर्यंत आणि १९२६ साली लंडी खान्यापर्यंत गेली होती, हे खरे. पण हा शेवटचा तुकडा डिसेंबर १९३२ मध्येच बंद करण्यात आला. ज्या वर्षी भारतीय हवाई दल जन्मास आले, त्याच वर्षी ते स्थानक मेले. परुळकरांच्या जन्माच्याही आधी. चाळीस वर्षांत तेथे कोणी लंडी खान्याची वाट विचारलेली नव्हती. तहसीलदाराच्या कचेरीतील एका कारकुनाने तो प्रश्न ऐकला, आणि हे लोक या भागातील नव्हेत, हे त्याने ओळखले. तिघे पकडले गेले.

भिंत पोखरली तेव्हा पहारेकऱ्यास संशय आला नाही, आठवडे गेले तरी गुपित फुटले नाही, बस आणि टांगे निभावले, आणि अखेरीस एका छापील पुस्तकातील शिळ्या ओळीने घात केला. त्यांच्या शौर्यात उणेपणा नव्हता. पुस्तक लिहिणाऱ्याने आपल्या काळी जे खरे होते तेच लिहिले होते. फक्त ते केव्हा खरे होते, याचा विचार करण्यास त्या कोठडीत साधन नव्हते.

त्या प्रदेशात परक्या हेरांना जिवंत ठेवतीलच, असा भरवसा नव्हता. परुळकरांनी आग्रह धरला की आपल्याला पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांच्या कचेरीशी दूरध्वनीवर बोलू द्यावे. उस्मान हमीद आता त्या कचेरीत, दलप्रमुखांचे सहायक अधिकारी म्हणून, नेमलेले होते. त्यांनी स्थानिक अधिकाऱ्यास कळविले की ही माणसे आमच्या ताब्यातील आहेत, त्यांना नीट सांभाळून ठेवावे. तिघांचे प्राण वाचले. ते पुन्हा कैदेत गेले, आणि १ डिसेंबर १९७२ रोजी इतर कैद्यांसह वाघा सीमेवरून मायदेशी आले. परुळकरांना या पलायनाबद्दल विशिष्ट सेवा पदक मिळाले. ते ग्रुप कॅप्टन या पदापर्यंत चढले, राष्ट्रीय प्रबोधिनीत त्यांनी तरुण छात्रांना शिकविले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. म्हणजे तेही अखेर काही काळ आपल्याच पेशात होते.

आता माझ्या स्वतःच्या चुकीविषयी लिहितो. तिच्यामुळेच या चरित्राची निवड झाली. सेवेच्या पहिल्या काही वर्षांत मी एका खेड्यातील शाळेत इयत्ता चौथीस जिल्ह्याचा भूगोल शिकवीत असे. भिंतीवर कापडी नकाशा होता. त्यावरून मी वेंगुर्ले, कुडाळ, सावंतवाडी हे सारे रत्नागिरी जिल्ह्याचे तालुके म्हणून वाचून दाखविले. एक मुलगा उभा राहिला. त्याचे आजोळ परुळ्यास होते. तो म्हणाला, “गुरुजी, आजोबांच्या गावचा जिल्हा आता सिंधुदुर्ग आहे.” १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. वर्तमानपत्रात वाचले होते. परंतु नकाशा समोर होता, तपासणी जवळ आली होती, पाठ पुरा करावयाचा होता. मी म्हणालो, “पुस्तकात आणि नकाशात आहे तेच उत्तर लिहायचे. खाली बस.” तो बसला. पुढे वर्षभर त्या मुलाने एकही प्रश्न विचारला नाही, हे माझ्या ध्यानात यावयास मार्च उजाडला.

लंडी खान्याची हकीकत मी पुष्कळ वर्षांनी वाचली. वाचता वाचता तो मुलगा डोळ्यांपुढे उभा राहिला. त्या कारकुनाजवळ जे ज्ञान होते तेच त्या मुलाजवळ होते. आपल्या मुलखाचे, ताजे, आणि छापील कागदाहून खरे. मी त्याला गप्प बसविले होते.

पाठ घेण्याच्या रीतीविषयी थोडे लिहितो. दोन तासिका ठेवाव्यात. पहिल्या तासिकेत चरित्र सांगावे. नकाशा टांगून रावळपिंडी, पेशावर व खैबर दाखवावे, आणि लंडी कोतलपाशी आल्यावर वर सांगितल्याप्रमाणे थांबावे. मुलांची उत्तरे फळ्यावर जशीच्या तशी लिहून घ्यावीत, पुसू नयेत. मग खरी हकीकत सांगावी. क्वचित एखादे मूल हिरमुसते. गेल्या खेपेस एका मुलीने रागाने विचारले, “मग ते हरले का?” तिला मी उत्तर दिले नाही, तोच प्रश्न निबंधात लिहावयास सांगितला. तिचा निबंध मला पुस्तकात छापण्याजोगा वाटला, पण तो तिचा आहे.

दुसऱ्या तासिकेपूर्वी मुलांना एक काम द्यावे. शाळेत जिल्ह्याचा जो सर्वांत जुना नकाशा असेल तो काढावा, आणि त्यात आज खरे नसलेले काय आहे ते घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून यावे. आपल्या किनाऱ्याच्या जुन्या नकाशांत मुंबईहून रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग करीत गोव्याकडे जाणाऱ्या आगबोटींचा मार्ग तुटक रेषेने दाखविलेला असतो. त्या बोटी आता नाहीत. उलट १९९८ साली पूर्ण मार्गावर सुरू झालेली कोकण रेल्वे त्यांत नसते. आजोबा-आजींना बोटीविषयी विचारले की ते थांबत नाहीत, हा माझा अनुभव आहे. मचव्यातून बोटीवर चढताना लागलेली पाण्याची शिंतोडी त्यांना अजून आठवतात. या निमित्ताने घरात बोलणे होते, हाही लाभच.

मग निबंध लिहवून घ्यावा. वैमानिक काल्पनिकच असू द्यावा. तो पावसचा असावा, गौतमी नदीत पोहलेला असावा, त्याला हवे ते नाव मुलांनी द्यावे. अट एवढीच की त्याला एकदा तहान लागली पाहिजे, एकदा त्याची चूक झाली पाहिजे, आणि एखाद्या अनोळखी माणसाने त्याला एकदा मदत केली पाहिजे. शत्रुपक्षातील माणूस असला तरी चालेल. शत्रूविषयी शिव्याशाप लिहिणाऱ्या मुलास रागावू नये. त्याला उस्मान हमीद यांचा केक आठवावयास सांगावा.

एक अवघड प्रसंग येतो, त्याची कल्पना आधी असावी. युद्धात गेलेले सारेच परत येतात, असा मुलांचा समज या चरित्राने होऊ शकतो. तो होऊ देणे अप्रामाणिकपणाचे होईल. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचे विमान ५ डिसेंबर १९७१ रोजी, म्हणजे परुळकरांच्या आधी पाच दिवस, शोरकोट येथे पडले. १९७१ च्या युद्धातील ज्या चौपन्न बेपत्ता सैनिकांची यादी भारत सरकारने ठेवली, तीत त्यांचे नाव आहे. असे कैदी आपल्याकडे नाहीत, असेच पाकिस्तानने वेळोवेळी सांगितले. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या. त्यांनी पुढील अनेक दशके पतीचा शोध चालू ठेवला. मुले विचारतात, ‘मग त्यांचे काय झाले?’ या ठिकाणी एखादी गोष्ट रचून सांगण्याची इच्छा होते. ती आवरावी. उत्तर मिळालेले नाही, असेच सांगावे, आणि वर्गात जी शांतता पसरते ती घाईने मोडू नये.

वह्या तपासताना शुद्धलेखनाच्या चुका नेहमीप्रमाणे दाखवाव्यात. ज्या मुलाने शिक्षकाने सांगितलेल्या एखाद्या गोष्टीविषयी समासात प्रश्न लिहिला असेल, त्याच्या प्रश्नाखाली सही करावी व उत्तर शोधून दुसऱ्या दिवशी वर्गात सांगावे. शाळेतील प्रत्येक नकाशाच्या मागील बाजूस तो छापल्याचे वर्ष पेन्सिलीने मोठ्या अक्षरात लिहून ठेवावे. वर्ष सापडत नसेल तर तेथे प्रश्नचिन्ह काढावे आणि ते चिन्ह कशाचे, हे मुलांना सांगावे.